हाल्डोरचे तीन अंत्यविधी

हाल्डोरला त्या मंगळवारी तीनदा पुरण्यात आलं. अकराला, बाराला आणि एकला. चौथ्यांदा पुरलं ते शनिवारी, चर्चच्या आवारात, आणि त्या वेळी तो खरोखर मेलेला आहे याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

आधीच्या तीन वेळांचा मात्र उलगडा होत नव्हता. म्हणून त्याची मुलगी इंगुन तीन आठवड्यांनी गुनवोरकडे आली. गुनवोर खासगी तपास करायची. तिचा दीर एलिफ, निवृत्त बसचालक, तिची गाडी चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"खाडीकाठी पर्यटकांसाठी वसवलेल्या वायकिंग गावात रोज अंत्यविधीचे तीन खेळ होतात, त्यांत बाबा मेलेल्या सरदाराचं काम करायचे," इंगुन म्हणाली. "सहा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. माझ्या लग्नाला आले नाहीत."

"का?" एलिफने विचारलं.

"त्या दिवशी त्यांचा अंत्यविधी होता."

एलिफने तपकिरी चीज लावलेला पाव खाली ठेवला.

"मंगळवारी बारा पंचवीसला त्यांच्या फोनवरून फोन आला. मी कट केला. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. पण ते पडले होते ती जागा इतकी गार, की सकाळी गेले की दुपारी ते सांगता येत नाही. गावातले म्हणतात, एकच्या खेळात गेले. म्हणजे त्यांना कळ आली असणार, त्यांनी मला हाक मारली असणार. मी उचलला असता तर ते जगले असते का, एवढंच शोधून द्या."

"आणि उत्तर वाईट निघालं तर?"

"याहून वाईट काय निघणार?"

गुनवोरने एलिफला गाडी काढायला सांगितलं.

गावाच्या टोकाला खरी थडग्यांची टेकाडं होती, हजार वर्षांची. त्यांवर मेंढ्या चरत. माणसांना पाय ठेवायची बंदी होती, म्हणून शेजारी एक नकली टेकाड रचलेलं, एका बाजूने उघडं. आत लाकडी बाज. बाजेवर आता पेंढ्याचा सरदार होता.

"कुणाला फरक कळला नाही," व्यवस्थापक आर्वे म्हणाला. तो कमरेला कुऱ्हाड लावून लॅपटॉपवर बसला होता. "मंगळवारी एकच्या खेळानंतर हाल्डोर जेवायला उठेना, तेव्हा आम्हाला कळलं. अकराला तर काय मेला होता! शाळेची पोरं सरदाराच्या विधवेकडे बघून रडली. तिच्यासोबत मी त्याला शाबासकी पाठवली."

"दोन खेळांच्या मध्ये तो उठायचा नाही?"

"पाठीमुळे. दहाला आडवा व्हायचा, तो तिन्ही अंत्यविधी उरकूनच उठायचा."

"आणि फोन?"

"दहाव्या शतकात फोन नसतो. सगळ्यांचे फोन सकाळी पेटीत जातात. किल्ली घरच्या मालकिणीच्या कमरेला. त्या काळची रीतच आहे ती, आम्ही काटेकोर आहोत. हाल्डोरने लपवून जवळ ठेवला असणार."

शेटिल सरदाराच्या भावाचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात वाटाण्याचं सूप ढवळायचा.

"मी त्याच्या छातीवर तलवार ठेवायचो," तो म्हणाला. "बेटा श्वास भरून ती वरखाली करायचा, मला हसवायला. अंगात नुसता अंगरखा, ना खिसा ना पट्टा, सगळा जोर छातीवर. मंगळवारी तिन्ही वेळा गप्प. म्हटलं, चला, सुधारला."

एलिफने मनाशी ठरवलं, काळंबेरं इथेच आहे.

गुनवोरने सूप चाखलं. "कांदा कमी आहे."

"रोज एक कांदा बोर्गहिल्ड उचलते ना! विधवेचं काम करते, पण कांदा मुठीत नसेल तर डोळ्यांत टिपूस येत नाही. दगड आहे बाई. मंगळवारी तेवढं सूप फक्कड झालं होतं."

बोर्गहिल्ड पन्नाशीची होती. चालली की कमरेच्या किल्ल्या वाजत.

"तुला केव्हा कळलं?" गुनवोरने विचारलं.

"सगळ्यांबरोबर. एकच्या खेळानंतर."

तासाभराने गुनवोरने सगळ्यांना गावातल्या लांबट वायकिंग घरात, चुलीभोवती बसवलं. इंगुन दाराशी उभी राहिली.

"हाल्डोर अकराच्या आधीच गेला होता," गुनवोर म्हणाली. "तलवार तिन्ही वेळा हलली नाही. तो सुधारला नव्हता, शेटिल. मेला होता."

"मग फोन कुणी केला?" एलिफ म्हणाला.

"खिसा नसलेला माणूस फोन ठेवणार कुठे? फोन पेटीतच होता, आणि पेटीची किल्ली एकाच कमरेला असते. मंगळवारी सूप फक्कड झालं, म्हणजे कांदा कुणी नेलाच नाही. तरी विधवा अशी रडली, की शाळेची पोरंही रडली. बोर्गहिल्ड, तुला पहिल्या खेळाआधीच माहीत होतं."

बोर्गहिल्डने किल्ल्या मुठीत धरल्या.

"साडेदहाला त्याची दाढी विंचरायला गेले. गार पडला होता."

"आणि तू ओरडली नाहीस?" आर्वे ओरडला.

"ओरडले असते तर त्याला घेऊन गेले असते. खरा अंत्यविधी झाला असता. झालाच की शनिवारी. तिथे मी कोण होते? सहकारी. चौथ्या बाकावर. अकरा वर्षं मी रोज त्याची बायको होते, कपडे बदलेपर्यंत. मला त्याला एकदा तरी माझ्या हाताने पुरायचं होतं. दुसऱ्या खेळानंतर माझी मलाच लाज वाटली. मुलीला फोन लावला. तिने कट केला. मग तिसरा खेळही केला."

चुलीत एक ओंडका ढासळला. एलिफला मात्र हायसं वाटलं. एरवी गुनवोरच्या प्रकरणांत शेवटी कुणीतरी तुरुंगात जायचं.

"म्हणजे तुझा काहीच दोष नाही!" तो इंगुनला म्हणाला. "तू उचलला असतास तरी ते आधीच गेलेले होते."

इंगुनने मान हलवली. ती बराच वेळ हलवतच राहिली.

"म्हणजे बाबांनी फोन केलाच नव्हता," ती म्हणाली.

आर्वेने कमरेची कुऱ्हाड काढून बाजूला ठेवली.

"तीन आठवडे वाटत होतं, मी त्यांना मारलं. पण शेवटी त्यांनी मलाच फोन केला, असंही वाटत होतं." ती बोर्गहिल्डकडे वळली. "माझं नाव तरी काढायचे का?"

"रोज," बोर्गहिल्ड म्हणाली. फार पटकन म्हणाली.

आयुष्यात कुणाची एक थाप न सोडलेली गुनवोर मुकाट्याने कोटाची बटणं लावू लागली. पण ही थाप एलिफलाही कळली होती. म्हणजे त्या घरात कुणालाच कळायची राहिली नव्हती.