नाव अप्पा, नातं अप्पा

“तुला वर चढायचंच नाही, अक्का,” रघुराम म्हणाला आणि हातातलं पत्र त्याने तिच्या पानाशेजारी ठेवलं. पोंगल होऊन चार दिवस झाले होते, दारातलं रांगोळीचं कोलम अजून पुरतं पुसलं नव्हतं, आणि वर्षातून एकदा मद्रासहून येणारा धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला हे ऐकवत होता... पत्र कारखान्याचं होतं. जयलक्ष्मीला पॅकिंग विभागाची सुपरवायझर करायचं असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली तिच्याच अक्षरात नकार होता.

जयलक्ष्मीने सांबाराचं भांडं पुढे ओढलं आणि अजून वाढू का, म्हणून विचारलं. उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर अप्पाजी बसले होते, आणि त्यांच्या कानावर ते जाता कामा नये, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

अप्पाजी हे त्यांच्या वडिलांचं नावच. घरात मुलंही त्यांना याच नावाने हाक मारत. तीस वर्षं त्यांनी टायपिंगचे वर्ग चालवले. अर्ध्या तंजावूरच्या कारकुनांची बोटं त्यांनीच वळवलेली. एक अक्षर चुकलं की त्यावर बोट ठेवायचे आणि सगळं पान पुन्हा करायला लावायचे. मग शेजारी कॉम्प्युटर सेंटर निघालं, शिकणारे एकेक करून तिकडे गेले, आणि एका सोमवारी अप्पाजींनी आपल्या हाताने कुलूप घातलं. त्यानंतर अंघोळ सुटली, जेवण सुटत चाललं, बोलणं तर साफच सुटलं. आठ महिन्यांत एखादा हुंकार निघाला तर नशीब. रघुरामच्या मते ते रुसले होते. त्याला स्वतःला कॉम्प्युटर शिकायला मद्रासला धाडलं होतं तेही अप्पाजींनीच, पण हे तो सोयीने विसरला होता. मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की तो म्हणे, नातलगांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

जयलक्ष्मीला तोंड दाखवत फिरायला सवडच नव्हती. तिच्याकडे कारखान्याचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या वडिलांनाही त्यावर उपचार मिळत. विम्याच्या दवाखान्याने मानसोपचारतज्ज्ञासाठी चिठ्ठी दिली, पण कार्ड चालवून घेणारा तज्ज्ञ शोधायचा तो तिनेच. पहिल्याने दारातच सांगितलं, कार्डवाले नकोत, कागद भरण्यात जीव जातो. दुसऱ्याची पाटी जागेवर होती, डॉक्टर मात्र तिरुच्चीला निघून गेले होते. तिसऱ्याच्या कंपाउंडरने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, त्रास कुणाला आहे, तुम्हालाच का? शेवटी कळलं की पापनाशमला दर गुरुवारी लावण्या नावाच्या डॉक्टर बसतात आणि त्या कार्ड घेतात. रजा टाकून, अप्पाजींना कसंबसं बसमध्ये चढवून ती गेली... आणि हात हलवत परत आली.

कार्डावर लिहिलं होतं, नाव अप्पा, नातं अप्पा. तमिळमध्ये अप्पा म्हणजे वडील. कार्ड काढताना कारकुनाने वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, अप्पाजी. तो म्हणाला, मान देणं राहू दे, नाव सांगा. ती पुन्हा म्हणाली, अप्पाजी. त्याने कपाळाला हात लावला, ‘जी’ गाळला आणि शिक्का मारून मोकळा झाला. पापनाशमच्या दवाखान्यातली टेबलावरची बाई काही वाईट नव्हती. नाव नसलेल्या माणसाचे कागद पुढे जात नाहीत, कारखान्याचं पत्र आणा, एवढंच तिने सांगितलं.

आज गुरुवार होता. एकटीने अप्पाजींना सांभाळणं कठीण, म्हणून तिने भावाला सोबत चल म्हटलं. तो आला, पण गाल फुगवून. कारखान्यापाशी ती अप्पाजींना धरून रिक्षातच बसली आणि नावाचं पत्र आणायला तिने त्याला आत पाठवलं.

आत बाळकृष्णराव होते, कामगारांचे कागद बघणारे, यांच्यासारखेच पिढ्यानपिढ्या तंजावूरला राहिलेल्या मराठी माणसांतले. पत्र तयार होतं. तेवढ्यावर निघावं की नाही? पण रघुरामच्या पोटात मावेना. तुम्ही बढती देता आणि ही नको म्हणते, असं तो बोलून गेलाच. बाळकृष्णरावांनी चष्मा काढला.

“घेईल काय म्हणून? पगार विम्याच्या मर्यादेवर गेला कीं कार्ड गेलं, कार्ड गेलं कीं अप्पाजींचा डॉक्टर गेला. दोनदां विचारलं मीं. तिनं तुला सांगितलं नाही कीं?”

रघुराम बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पापनाशमच्या बसमध्ये तो खिडकीतून भाताच्या शेतांकडे बघत राहिला. आपण दरवर्षी येतो, पोंगल खातो, उपदेश करतो आणि जातो... त्याचीच त्याला लाज वाटली, आणि डोळे भरून आले.

“बढती कां सोडलीस, मज सांगायचं होतंस, अक्का.”

“तुला सांगितलं असतं तर तूं अप्पाजींसमोर बोलला असतास,” ती म्हणाली. “त्यांस वाटलं असतं, आपल्यापायीं लेकीचं नुकसान झालं.”

अप्पाजी त्या दोघांच्या मध्येच बसले होते, डोळे मिटून. जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं माणसं उगाच धरून चालतात.

डॉक्टर लावण्यांनी पत्र वाचलं, कार्ड बघितलं आणि त्यांना हसू आलं. ही चूक आधी दुरुस्त करून घ्या, असं त्यांनी जयलक्ष्मीला सांगितलं. मग अप्पाजींकडे वळून त्यांनी सावकाश, आदराने त्यांचं नाव विचारलं.

अप्पाजींनी नाव सांगितलं नाही. त्यांनी हात पुढे केला, कार्ड आपल्याकडे ओढलं आणि तीस वर्षं ठेवत आले तसं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“चूक नाही ही,” ते मराठीत म्हणाले. आवाज गंजलेला होता. “हिचा अप्पाच मीं.”

डॉक्टरांना मराठी कळेना. काय म्हणाले, असं त्यांनी जयलक्ष्मीला विचारलं. पण तिने पदर तोंडाशी धरला होता. शेवटी रघुरामने तमिळमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर पहिली ओळ लिहिली. गोळ्या दिल्या, पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं.

कारखान्याचं पत्र टेबलावरच्या बाईने कार्डाला टाचून दिलं, कारण कागद तो कागद. कार्डावरची ओळ मात्र जयलक्ष्मीने कुणाला खोडू दिली नाही.