एका पायावर उतरलेलं हेलिकॉप्टर

भोरकड्याच्या माथ्यावर जखमी होऊन पडलेल्या सुवर्णा आहेरला दुपारच्या आत नाशिकच्या हॉस्पिटलात पोहोचवायचं, एवढ्या एकाच कामासाठी त्या दिवशी सकाळी नऊ वाजता ओझरच्या विमानतळावरून एक लहानसं हेलिकॉप्टर उडालं.

सुवर्णा वनस्पतींची अभ्यासक. भोरकडा म्हणजे कळवणच्या पश्चिमेचा, चहूबाजूंनी तुटलेल्या कड्यांचा डोंगर. पावसाळा सरताना त्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, दोन-तीन आठवड्यांपुरती काही दुर्मिळ फुलझाडं उगवतात. ती मोजायला सुवर्णा, तिचे वरिष्ठ शेखर देवरे आणि वनरक्षक बारकू असे तिघे चार दिवसांपूर्वी वर चढले होते. आदल्या संध्याकाळी दरड कोसळली. वर जायची एकमेव वाट तिने पुसून टाकली आणि एक भलामोठा दगड सुवर्णाच्या मांडीवर आला. बारकूने पट्टा आवळून रक्त थांबवलं होतं खरं, पण डॉक्टरांनी वायरलेसवरून साफ सांगितलं होतं की दुपारपर्यंत ती ऑपरेशनच्या टेबलावर आली नाही, तर पायाची आशा सोडा, जिवाचीही खात्री नाही. दोर लावून चढणारी तुकडी पायथ्याहून निघाली होती. तिला वर पोहोचायला दुसरा दिवस उजाडला असता.

हेलिकॉप्टरची कॅप्टन होती वैष्णवी पगार. वय चौतीस, माहेर कळवण तालुक्यातलंच. लहानपणी शेताच्या बांधावरून मान वर करून पाहिलेल्या या डोंगरांवरून ती कितीदा तरी उडाली होती, उतरली मात्र एकदाही नव्हती. तिच्या डावीकडे सहवैमानिक जीवन गांगुर्डे बसले होते. लष्करातून निवृत्त झालेले, त्रेपन्न वर्षांचे आणि उड्डाणाच्या तासांत तिच्या दुप्पट. या नोकरीत येऊन त्यांना सहाच महिने झाले होते, म्हणून सूत्रं तिच्याकडे होती. ते तिला ‘कॅप्टन’ म्हणत, ती त्यांना ‘सर’. मागे स्ट्रेचरशेजारी मांडी घालून बसला होता इंजिनिअर झुंबर बागुल, सटाण्याकडचा, मोजकं आणि अहिराणी वळणाचं बोलणारा.

निघण्यापूर्वी वैष्णवीने एक निर्णय घेतला होता. उंचावर हवा विरळ, त्यात वजन वाढलं तर यंत्र दम टाकतं. म्हणून तिने टाकी पूर्ण भरू दिली नाही. एक तास वीस मिनिटांचं इंधन, त्यावर थेंबही नाही. जीवनसरांनी आकड्यांवरून एकदा नजर फिरवली आणि आपणही हेच केलं असतं, असं सांगितलं.

द्राक्षबागांचे हिरवे चौकोन मागे पडले. वणीचा डोंगर उजव्या हाताला सरकला, आणि पुढे गिरणेच्या खोऱ्यावर ढगांची दुलई पसरलेली दिसू लागली. त्या दुलईतून भोरकडा वर आला होता. काळा, ओला, अंगावर पाण्याच्या पांढऱ्या रेघा घेतलेला. माथ्यावर पूर्वेच्या टोकाला एक केशरी कापड फडफडत होतं. तिथेच सुवर्णाला आणून ठेवलं होतं, कारण साऱ्या सड्यावर सपाट अशी तेवढीच जागा होती.

वैष्णवीने डोंगराला एक पूर्ण फेरी मारली. वारा पश्चिमेकडून येत होता आणि सपाट जागेच्या पश्चिमेला दगडी भिंतीसारखा एक उंचवटा होता. त्या भिंतीवरून घसरणारी हवा काय करेल, याचा अंदाज तिला होता. पण जागाच दुसरी नव्हती. वेग कमी करत ती पूर्वेकडून आत शिरली.

जीवनसर उंची आणि वेग वाचत होते. ऐंशी फूट. साठ. पन्नास. आणि एकाएकी हेलिकॉप्टरखालची हवाच कुणीतरी काढून घेतली!

यंत्र दगडासारखं खाली गेलं. तिने डाव्या हाताची दांडी वर खेचली. इंजिनाच्या ताकदीचा काटा लाल रेषेला टेकला. तरी घसरण थांबेना! जमीन अंगावर आली.

“कॅप्टन, डावीकडे दरी मोकळी आहे,” जीवनसर म्हणाले. आवाज अगदी रोजचा.

तिने नाक डावीकडे वळवलं आणि यंत्र कड्यावरून दरीत झोकून दिलं. खाली, आणखी खाली. मग वेग मिळाला, पात्यांना हवा सापडली आणि हेलिकॉप्टर गोल वळून पुन्हा वर आलं. तिच्या पाठीवरून घामाची धार उतरली होती. मागे झुंबरने सुटलेलं स्ट्रेचर गुडघ्याने दाबून धरलं होतं.

दुसऱ्या वेळी ती जास्त उंचीवरून, उभ्या उतारावर आली. शंभर फुटांवर असताना एक ढग सड्यावर चढला आणि केशरी कापड दिसेनासं झालं. तिने क्षणभरही वाट पाहिली नाही, तशीच वळली. दिसत नाही तिथे उतरायचं नाही, हा नियम तिने कधी मोडला नव्हता.

इंधनाचा काटा खाली सरकत होता. तेवढ्यात वायरलेसवर बारकूचा आवाज आला. पहिल्या वेळी काय झालं ते त्याने खालून पाहिलं होतं. मग स्वतःच्या डोक्याने त्याने ठिकठिकाणी गवताच्या पेंढ्या पेटवल्या होत्या, धुरावरून वारा कळावा म्हणून.

“मॅडम, हितं वारा लय फिरतोय. पन उत्तरंच्या सोंडेवर धूर सरळ एका अंगाला चाललाय. तिथं भोवरा नाय.”

उत्तरेची सोंड म्हणजे कड्याबाहेर आलेला खडकाचा अरुंद पट्टा. हेलिकॉप्टर त्यावर मावणं शक्य नव्हतं. पण एक पाय मावला असता! या हेलिकॉप्टरला चाकं नव्हती; खाली दोन लांब नळ्या होत्या, प्रत्येकी दोन टेकूंवर बसवलेल्या. त्यांना स्किड म्हणतात. उजवी स्किड खडकावर टेकवायची, डावी दरीवर अधांतरी ठेवायची आणि सगळा वेळ यंत्र हातावर तोलून धरायचं.

वैष्णवीने सरांकडे पाहिलं. असं उतरणं त्यांनी लष्करात अनेकदा केलं होतं. ते मागतील तर यंत्र त्यांच्या हाती द्यायला ती तयार होती, तसं तिने विचारलंही. त्यांनी मान हलवली. “खडक तुमच्या बाजूला आहे, माझ्या बाजूला नुसती दरी. तुम्हीच करा. काटे मी बघतो.”

बारकू आणि शेखर सुवर्णाला उचलून सोंडेपाशी येईपर्यंत तिने दूर एक घिरटी घेतली. मग आली. झुंबर मागच्या दारात पालथा पडला होता, डोकं बाहेर, कंबरेला पट्टा. शेपटाचं पातं खडकापासून किती अंतरावर आहे, हे फक्त त्यालाच दिसत होतं.

“दोन हात पुढे... एक हात... थांबा. शेपूट मोकळं शे. उतरा.”

उजवी स्किड टेकली. तिच्या तळव्यांना दगडाचा कठीणपणा कळला. आता श्वास रोखून नुसतं धरून ठेवायचं! वाऱ्याची प्रत्येक झुळूक तिच्या मनगटात उतरत होती. बारकू आणि शेखर वाकून धावत आले. झुंबरने सुवर्णाला आत ओढून घेतलं. ती शुद्धीवर होती, ओठ पांढरे पडले होते. शेखरने मागोमाग दोन पेट्याही पुढे केल्या. वर्षभर वाट पाहून या चार दिवसांत गोळा केलेले वनस्पतींचे नमुने, पंचवीस किलोंचे. ते वर राहिले तर पावसात कुजणार होते. वैष्णवीने काट्यांकडे एकदा पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. शेखरने वाद घातला नाही. सुवर्णानेच हात उचलून त्या परत न्यायची खूण केली, आणि त्याने पेट्या छातीशी धरून मागे पाऊल घेतलं. तो आणि बारकू चढणाऱ्या तुकडीची वाट पाहणार होते.

ती यंत्र उचलणार इतक्यात स्किडखालचा खडक ढासळला! हेलिकॉप्टर उजवीकडे कललं. कडाड असा आवाज झाला. तिने उजव्या हाताची दांडी उलट दिशेला दाबली, डावी वर ओढली, आणि ते दरीवर निसटलं.

सगळे जिवंत होते. इंजिन नीट चाललं होतं. पण झुंबरने दाराबाहेर वाकून पाहिलं आणि सांगितलं की उजव्या स्किडचा मागचा टेकू तुटलाय, मागचा भाग लोंबकळतोय.

म्हणजे आता साध्या जमिनीवरही उतरता येणार नव्हतं. टेकताच यंत्र उजवीकडे कलंडलं असतं, फिरती पाती जमिनीला लागली असती आणि पुढचं बोलायला कुणी उरलं नसतं.

परतीच्या वीस मिनिटांत तिघांनी मिळून तोड काढली: तुटलेल्या बाजूखाली थर रचायचा आणि उजवी स्किड त्यावर टेकवायची. झुंबरने तुटलेल्या बाजूची उंची नजरेने मोजली. जीवनसरांनी ओझरला कळवून जुने टायर, वाळूची पोती आणि लाकडी फळ्या मागवल्या. वैष्णवीने इंधनाचा हिशेब केला: ओझरला पोहोचल्यावर बारा मिनिटं.

विमानतळाच्या मोकळ्या कोपऱ्यात माणसं जमली होती, पुढे मनीषा बोरस्ते. तिथल्या जमिनीवरच्या पथकाची ही प्रमुख. वैष्णवीने हेलिकॉप्टर माणसाच्या कंबरेइतक्या उंचीवर स्थिर धरलं. मनीषा आणि पाच जण पात्यांच्या वादळात वाकत यंत्राजवळ आले, झुंबरने स्ट्रेचर सरकवलं, त्यांनी ते खांद्यांवर झेललं. अँब्युलन्स सुटली. मोहिमेचं काम झालं होतं. आता प्रश्न स्वतःचा होता.

झुंबर खाली उडी मारून पोती रचू लागला. उरले दोघंच. वैष्णवीने सरांनाही उतरायला सांगितलं. यंत्र आडवं झालं तर दोघांनी कशाला मरायचं?

“मी उतरलो की डावं अंग हलकं होईल,” ते म्हणाले. “कलंडायचं ते उजवीकडेच आहे. माझं वजन इथेच हवं.”

खरं होतं ते. 

सहा मिनिटं. पहिल्यांदा टेकवलं तेव्हा टायर सरकला. ती झटकन वर उठली! इंधनाचा पिवळा दिवा लागला. खाली मनीषाने फळ्या आडव्या टाकल्या, त्यांवर पोती, पोत्यांवर टायर. झुंबर समोर येऊन गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पसरले. आता तिला त्याच्या तळहातांखेरीज काही दिसत नव्हतं.

तीन मिनिटं. तळहात हळूहळू खाली येत होते. ती त्यांच्याबरोबर खाली येत होती. डावी स्किड टेकली. उजवी टायरवर बसली. तिने ताकद एकदम सोडली नाही. केसाकेसाने कमी केली. यंत्र कुरकुरलं. किंचित उजवीकडे दबलं. दबलं... आणि थांबलं!

“बंद,” ती म्हणाली. जीवनसरांचा हात आधीपासूनच खटक्यावर होता. पाती मंदावत गेली, एकेक पातं वेगळं दिसू लागलं, आणि शेवटी सगळं शांत झालं.

वैष्णवी खाली उतरली. मनीषाने तिला दंडाला धरून चार पावलं चालवलं. भोवतीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकेक जण पुढे येत होता आणि त्या वाकड्या, पोत्यांवर बसलेल्या हेलिकॉप्टरला हात लावून पाहत होता. वैष्णवीने तेवढ्यात बारकूला वायरलेसवर गाठलं. तुझ्या धुरामुळेच उतरता आलं, असं तिने त्याला सांगितलं. 

दीड वाजता हॉस्पिटलातून फोन आला. ऑपरेशन संपलं होतं. सुवर्णा वाचली होती आणि पायही राहिला होता.

जीवनसर तेव्हा उड्डाणाची नोंदवही भरत होते. एका रकान्यापाशी पेन थांबवून त्यांनी विचारलं, “कॅप्टन, उतरणं किती वेळा लिहू?”

 उत्तर दिलं ते झुंबरने, हातावरची वाळू झटकत.

“तिथलं अर्धं, आन् हाई अर्धं. एक लिखा सर.”

जीवनसरांनी एकचा आकडा मांडला, वही तिच्याकडे सरकवली, आणि तिने खाली सही केली.