पंधरा परस बर्फ

आम्ही दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर गेलो ते विहीर खोदायला! हे ऐकून प्रत्येक जण हसतो. हुमनाबादच्या बाजारात तर एकानं तोंड वर करून विचारलं होतं, "मग, पानी लागलं का?" पाणी कशाला लागेल? तिथं सगळं पाणीच होतं, गोठलेलं. आम्हाला हवे होते थर. त्या मुलखात पडलेला बर्फ वितळत नाही, यंदाचा बर्फ गेल्या सालच्या बर्फावर दबून बसतो. खणत जावं तसं एकेक जुनं साल खाली सापडत जातं. एका परदेशी मोहिमेला तिथं पंधरा परस खोल खड्डा हवा होता, आणि त्यातून हाताहाताच्या अंतरावरचे बर्फाचे चौकोनी तुकडे. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. पंधरा परस विहीर मी उभ्या आयुष्यात एकदाच खोदली होती, आमच्या दुबलगुंडीत, काळ्या पाषाणात.

मला शोधलं बसलिंगप्पांनी. ते मूळचे कलबुर्ग्याचे, हैदराबादेत कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकवायचे, आणि त्या मोहिमेत घेतलेले एकटेच आपल्याकडचे शास्त्रज्ञ. मैलूरला त्यांच्या पाहुण्यांची विहीर मी खोल करून दिली होती, ती त्यांनी पाहिली होती. निजामावरच्या पोलिस अ‍ॅक्शनला तीन वर्षं झाली होती तेव्हा ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "राघोबा, मशीन तिथं थंडीनं बंद पडायलाय. तुझी कुदळ बंद पडत न्हाई. येतोस?"

मी म्हटलं, "येतो अण्णा. पर येकटा न्हाई. माजा दोर बी येईल."

दोर म्हणजे माझा मेहुणा श्रीपत. आमच्या घरात चार पिढ्यांचा नेम आहे, विहिरीत उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानंच धरायचा. सख्खा भाऊ वाटणीच्या विचारात दोर ढिला सोडील, मजूर तंबाखू मळायला हात काढील, पण बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे तो सोडणार नाही. श्रीपतनं अकरा वर्षं माझा दोर धरला होता आणि एकदाही हात बदलला नव्हता. निर्णा गावचा हा गडी हसरा, बडबड्या. मी मुलखाचा तिरसट. आमचं जमायचं ते फक्त विहिरीवर.

निघताना माझी बायको सत्यभामा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तुमी बी चाललाव, भावाला बी न्यायलाव. माज्यापाशी कोन?" मी कुदळ खांद्यावर घेतली. मला पंधरा परस दिसत होते.

जहाजाच्या ओकाऱ्या सांगत बसत नाही. संक्रांतीच्या सुमाराला आम्ही त्या पांढऱ्या रानात उतरलो. झाड नाही, दगड नाही, पाखराची सावलीसुद्धा नाही! आमचा तळ म्हणजे बर्फात गाडलेली एक लाकडी खोली आणि तिला जोडलेली दोन-तीन भुयारं. माणसं अकरा, कुत्री तीस. मोहिमेचा म्होरक्या हाल्वर हा उंच, हळू बोलणारा माणूस. त्याचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही, आणि त्याला दया आलेलीही पाहिली नाही. एक कुत्रं लंगडायला लागलं तर त्यानं ते गोळी घालून बाकीच्यांपुढे टाकलं, आत येऊन हात धुतले आणि शेजारच्याला म्हणाला, मीठ दे.

तिथल्या थंडीचा हिशेब आम्हाला दुसऱ्याच महिन्यात कळला. कुत्री सांभाळणाऱ्या गड्यानं गाडीचा पट्टा आवळायला हातमोजा काढला. काढला तो जेमतेम विडी ओढून होईल इतका वेळ. तळावरच्या डॉक्टरनं त्याच्या दोन बोटांचे शेंडे जेवणाच्या टेबलावर कापली, कारण दुसरं टेबल नव्हतं. रात्री त्याच टेबलावर आम्ही जेवलो.

पण माणूस कुठंही गेला तरी चार टाळकी जमली की मैफल भरतेच. दर शनिवारी ग्रामोफोन लागायचा आणि प्रत्येकानं काहीतरी करून दाखवायचं असा दंडक होता. श्रीपत त्यांचा लाडका. रिकाम्या पत्र्याच्या डब्याची हलगी करून तो असा नाचायचा की ते गोरे खुर्च्यांवर चढायचे. आम्ही ज्वारीच्या पिठाची दोन पोती नेली होती. बसलिंगप्पा मांसाला शिवत नसत, सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नसत, त्यांचं सगळं त्या पिठावरच चालायचं. एका शनिवारी डॉक्टरनं गार भाकरी उचलली, तबकडीच्या जागी ग्रामोफोनवर ठेवली आणि तिच्यावर सुई टेकवली! खोली हसून फुटायची बाकी राहिली. सगळ्यांत जास्त हसला श्रीपत. मग त्यानं ती भाकरी खाऊन टाकली. मला मात्र हसू येत नव्हतं. अन्नाची थट्टा मला सोसत नाही.

खड्डा तळापासून दोनशे पावलांवर होता. वाऱ्यात वाट चुकू नये म्हणून तळापासून तिथपर्यंत एक दोरी ताणलेली होती. तोंडावर ताडपत्रीचं छप्पर, खाली लाकडी ओंडके आणि त्यावर रहाट. रहाट उलटा फिरू नये म्हणून त्याला एक लोखंडी दात बसवला होता. मी खाली, श्रीपत वर, बसलिंगप्पा वही घेऊन त्याच्या बाजूला. बर्फ कुदळीला दगडासारखा लागतो, पण दगडासारखा प्रामाणिक नाही. तो आतून तडकतो आणि आवाजही करत नाही. तरीही सूर्य बुडाला, दिवसाही अंधार झाला, तोवर आम्ही आठ परस खाली गेलो होतो.

जेठ सरता सरता, तिथला हिवाळा अर्धा झाला म्हणून, त्यांनी मोठी मेजवानी केली. कागदाच्या टोप्या, डब्यातली फळं, दारू. श्रीपत डबा बडवत नाचत होता. तेवढ्यात बसलिंगप्पांनी मला भुयारात बोलावलं. त्यांच्या मागं हाल्वर उभा होता. बसलिंगप्पांच्या हातात वायरलेसवर आलेला कागद होता.

"राघोबा, बस खाली," ते म्हणाले. "सत्यभामाबाई गेली. दशमीला. तापानं."

मी बसलो नाही. आतून हलगी ऐकू येत होती. हाल्वर हळूच काहीतरी बोलला. बसलिंगप्पांनी मान खाली घालून त्याचा अर्थ सांगितला, "तो म्हणायलाय, काम थांबणार का? मेहुण्याला सांगायचं का न्हाई, हे तू ठरव."

इथं मी खोटं लिहिणार नाही. बायकोच्या आधी माझ्या मनात दोर आला. बहीण नाही, कुंकू नाही, मग वरच्या माणसाला काय धरून ठेवणार? बहिणीला एकटं सोडायला लावलं म्हणून तो माझ्यावर उलटला तर? आणि सात परस उरले होते! मी म्हणालो, "त्याला सांगू नका."

"पाप हाय हे, राघोबा," बसलिंगप्पा म्हणाले.

"माजं हाय. तुमी गप बसा."

हाल्वरनं माझ्या खांद्यावर थाप मारली. मी आत गेलो, श्रीपतनं माझा हात धरून मला नाचायला ओढलं, आणि मी दोन पावलं नाचलो. त्या दोन पावलांची लाज मला आजही वाटते.

अडीच महिने मी त्याच दोरावर चढलो-उतरलो. सत्यभामेसाठी रडायचं ते खाली रडलो, जिथं डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठायचं. वर आलो की श्रीपत म्हणायचा, "दाजी, अक्काला सांगतो तुमी बर्फात बी घाम गाळलाव." मी कुदळ पुसत बसायचो.

भाद्रपदात सूर्य परत आला. दिवसाचे चार-पाच तास तो क्षितिजाला घासून जायचा. त्या दिवशी आम्ही साडेचौदा परसांवर होतो. दुपारची वेळ. तुकड्यांच्या पेटीत शेवटच्या तीन परसांचे तुकडे साठून ती भरली होती. हाल्वरचा नियम होता, आधी पेटी वर, मग माणूस. पण बसलिंगप्पा वरून ओरडले, "वारं फिरलंय! दोन्ही संगच घे!" मी पेटी कमरेच्या पट्ट्याखाली लटकवली. दोराला दोन हिसडे दिले. रहाट फिरू लागला.

निम्म्यावर आलो असेन. वर ताडपत्री फाटल्याचा आवाज झाला. मग कट्! लोखंडी दात थंडीनं काचेसारखा तुटला होता!

मी कोसळलो. भिंत डोळ्यांपुढून वर पळाली. पट्टा कमरेत रुतला, आणि मी थांबलो. लोंबकळत राहिलो.

"धरलंय!" श्रीपतची आरोळी आली. "दाजी, धरलंय! अण्णा, तुमी पळा! मानसं आना!"

वर काय झालं ते मला नंतर बसलिंगप्पांनी सांगितलं. जाड मोज्यांतून दोर निसटत होता, म्हणून श्रीपतनं मोजे दातांनी ओढून फेकले होते. दोराचा एक वेढा ओंडक्याला, एक कमरेला, आणि उघड्या हातांनी पकड. दोर बर्फानं गुळगुळीत झाला होता. गाठ मारायची तर एक हात सोडावा लागला असता, आणि एक हात सोडला की मी गेलो असतो. म्हातारे बसलिंगप्पा वादळात दोरी चाचपत तळाकडे निघाले. दोनशे पावलं!

भिंतीचे पापुद्रे सुटून माझ्या डोक्यावर पडत होते. वजन कमी करायला हवं होतं. मी चाकू काढला आणि पेटीचा दोर कापला. शेवटच्या तीन परसांचे तुकडे खाली गेले. बऱ्याच वेळानं आवाज आला.

"श्रीपत! मोजे हायत का हातात?"

"ऱ्हाऊ द्या मोजे!" त्याचा आवाज हसल्यासारखा आला. "न्हाई सोडत मी! अक्काला काय तोंड दावू?"

विडी ओढून होईल इतक्या वेळात दोन शेंडे गेले होते. इथं माणसं यायला अर्धा तास. मला टेबल आठवलं. आणि हा वर उभा राहून कोणासाठी हात जाळत होता? माझ्यानं ऐकवेना. मी घसा फाडून ओरडलो, "सोड! श्रीपत, सोड दोर! सत्यभामा न्हाई राहिली! जेठात गेली ती! मला ठावं होतं! सोड, हात वाचव!"

वर काहीच आवाज नाही. फक्त वारा.

मग दोर सुटला! मी हातभर खाली गेलो. डोळे मिटले.

आणि हिसका बसून थांबलो.

त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. मी हाका मारल्या, शिव्या दिल्या, गयावया केली. दोर तेवढा ताठ राहिला. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी वर गलका झाला, चार माणसांनी दोर ओढला आणि मला काठावर पालथं टाकलं. श्रीपत गुडघ्यांवर बसला होता. त्याचे हात चुन्यासारखे पांढरे पडले होते आणि पकड उघडत नव्हती. हाल्वर माझ्यावर वाकला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पेटी कुठं आहे?"

डॉक्टरनं आठ बोटं कापली. टेबल तेच. दोन्ही अंगठे राहिले.

चार दिवसांनी हाल्वर म्हणाला, अर्धाच परस उरलाय, पेटीही तळाशी असेल, दुसरा माणूस रहाटावर देतो. मी त्याच्यासमोर कुदळ चुलीत घातली. दांडा जळून गेला. त्यानं मला महिनाभर जेवायला शेवटी बसवलं, बसलो. बसलिंगप्पांनी आपल्या वहीत साडेअकरा परसांवर रेघ मारली आणि वही मिटली. त्यांच्या शास्त्राचं काय नुकसान झालं ते ते कधी बोलले नाहीत.

श्रीपतसाठी मी भाकरी करायचो. मी घास पुढे केला की तो तोंड भिंतीकडे फिरवायचा. बसलिंगप्पांच्या हातून मात्र खायचा. फक्त एकदाच, सगळे बाहेर असताना, छताकडे बघत बोलला.

"कवा कळलं तुमाला?"

"मेजवानीच्या दिवशी."

"मी नाचायलो होतो." त्यानं पट्ट्या बांधलेले हात छातीशी ओढून घेतले. "माजी थोरली भन गेली, आन् मी डबा बडवायलो होतो. मला सुतक बी धरू दिलं न्हाईत. कामून?"

"भ्या वाटलं," मी म्हटलं. "तू दोर सोडशील म्हनून."

त्यानं डोळे मिटले. पुढं जहाज आलं, समुद्र आला, मुंबई आली, आणि आमच्यात एक शब्द नाही. त्याचं धोतर बसलिंगप्पा नेसवायचे.

चैत्रात आम्ही हुमनाबादेत मोटारीतून उतरलो. बसलिंगप्पा कलबुर्ग्याला गेले होते. दुबलगुंडीची वाट आणि निर्ण्याची वाट जिथं फुटते तिथं श्रीपत थांबला. त्याचं बोचकं मी त्याच्या खांद्याला अडकवलं. तेवढं त्यानं करू दिलं. मला राहवेना. मी म्हटलं, "श्रीपत, सगळं कळूनबी तू धरून ऱ्हायलास. मधी हातभर दोर निसटला, मला वाटलं गेलो. पर तू..."

"निसटला न्हाई," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "सोडला हुता. मग पुन्ना धरला."

"कामून धरलास?"

"ते मला बी ठावं न्हाई," तो म्हणाला, आणि निर्ण्याच्या वाटेला लागला. मी उन्हात उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होतो. त्यानं मला दाजी म्हटलं नव्हतं.