पिवळी पावलं

खरं सांगते, मी तिथे नुसता झाडू मारायला गेले होते. आमच्या गल्लीतलं बुटांचं दुकान माझ्या लग्नाआधीपासूनच बंद होतं. नवा भाडेकरू येईपर्यंत जागेच्या मालकाने ते महिनाभर चित्रांसाठी वापरायला दिलं. सगळं खूळ नणंदेचं. जमिनीवर भलामोठा कागद अंथरलेला. ज्याने त्याने तळव्यांना पिवळा रंग लावून त्यावरून चालायचं, मग कागद दुकानाच्या दर्शनी काचेत टांगायचा.

"वहिनी, बाळीलाही आण."

"चालत असती तर आणली असती."

"चालेल गं! तुझा जीव उगाच टांगणीला."

उगाच कसा? दीड वर्षाची झाली तरी लेक पाऊल टाकत नव्हती. डॉक्टर म्हणत, थांबा. सासूबाई म्हणत, तू तिला कडेवरून खाली ठेवशील तेव्हा ना!

दुपारी नेली शेवटी. नणंद दोरी आणायला गेली होती. मी बाळीचे तळवे रंगवले, तिला कागदावर बसवलं आणि फडकं आणायला आतल्या खोलीत गेले. दोन मिनिटं, तेवढीच.

आणि वास आला... नव्या चामड्याचा, पॉलिशचा. बाहेर बाळी खुदकन हसली. कागद सळसळला. काहीतरी घासत सरकल्यासारखा...

धावले. बाळी कागदाच्या मध्यावर उभी. एकटी! मागे सात पिवळी पावलं. आणि तिच्यासमोर कागदावर दोन गोल खळगे, कुणी गुडघे टेकावेत तसे. माझ्या डोळ्यांदेखत ते मागे सरकले... बाळीने आठवं पाऊल टाकलं.

तेवढ्यात नणंद दारातून ओरडली, "अगंबाई, चालली की! रडतेस काय?"

"इथले दुकानदार... कसे होते गं?"

"काका? देवमाणूस. पोरांपुढे गुडघ्यांवर बसायचे. बूट घालून चालवून बघितल्याशिवाय सोडायचे नाहीत. गेले बिचारे. का गं?"

"काही नाही..."

आता बाळी घरभर हुंदडते. सासूबाईच ओरडतात, धर गं हिला!

काल तिला दुसरीकडून पहिले बूट घेतले. येताना ती त्याच दुकानाच्या पायरीवर बसली आणि एक पाय पुढे करून थांबली. बुटाचं टोक हळूच दबलं... अंगठ्याएवढं. मग वर आलं.

वाढायला जागा आहे का, तेच बघत असणार.

"बोटभर आहे हो, काका," मी कसंबसं म्हटलं.

बाळीने हसत दुसरा पाय पुढे केला.