खिंडीवरून काढलेले फोटो

दिवे गेले होते आणि पोरांना झोप नव्हती, म्हणून मामांनी ही गोष्ट काढली. गोष्ट त्यांच्या शाळेतल्या सोबत्याची. हा फोटोंना चौकटी करून द्यायचा, म्हणून सगळे त्याला फ्रेमवालाच म्हणत. सरळ माणूस. भुताखेतांना हसणारा, आणि नको तितका स्वच्छ. चहाचा कपसुद्धा पुन्हा विसळून घ्यायचा.

"थापाड्या असता तर मी तुम्हाला सांगायच्या भानगडीतच पडलो नसतो," मामा म्हणाले.

त्याचं गाव नदीच्या खिंडीत वसलेलं. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून नदी, नदीला चिकटून घरं. गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन वाचनालयात रविवारी सकाळी उघडायचं होतं. शनिवारी दिवेलागणीला फ्रेमवाला शेवटची पेटी आणायला कड्यावरच्या घरी गेला. गावातला पहिला फोटोग्राफर तिथे राहायचा. तो जाऊन जमाना झाला. आता त्याची नातसून तेवढी होती, तीही ऐंशीच्या घरातली.

तिने पेटी पायाने पुढे सरकवली. हात लावला नाही. यातल्या एका फोटोला त्या काळी मोठं बक्षीस मिळालं होतं, असं तिने सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. "झोपेत एकच ओरडायचे," ती म्हणाली. "हलू नका, हलू नका. रात्र रात्र. घेऊन जा हे. परत आणू नका."

फ्रेमवाला दुकानात आला. शटर अर्धं ओढून पेटी उघडली. तुंबलेल्या मोरीचा वास. फोटो मात्र शाबूत. फक्त प्रत्येकाच्या पाठीवर शेवाळासारखा बुळबुळीत थर. पुसला की पुन्हा यायचा. बोटांना लागला तो साबणानेही सुटेना. शिसारी आली, पण काम अंगावर घेतलेलं, करतो काय? नाकाला रुमाल बांधून त्याने फोटो ओळीने मांडले.

सगळे कड्यावरच्या एकाच जागेवरून काढलेले. पहिल्यात खाली नदीच्या वाळूत अर्धं गाव रांगेत उभं. बायामाणसं मागे, पोरं पुढे. हात अंगाशी, माना वर, कॅमेऱ्याकडे. त्यांच्या पाठीमागे खिंडीचं वरचं तोंड, आणि त्या तोंडात एक पांढरा पट्टा.

दुसऱ्यात तो पट्टा जाड झालेला.

तिसऱ्यात पोरांच्या गुडघ्यापर्यंत पाणी. तरी कोणी हललेलं नाही. सगळे वर बघतायत. परवानगी मागितल्यासारखे.

फ्रेमवाल्याने भिंग खाली ठेवलं. वरून फोटो काढणाऱ्याला लोंढा दिसत होता. खिंडीत वरून हाक मारली की खाली लख्ख ऐकू येते. एक हाक पुरली असती. आणि त्याने हाक मारली होतीच... पण ती वेगळीच.

चौथा फोटो सगळ्यांत देखणा. कडे, ढग, चकाकतं पाणी. माणूस एकही नाही. बक्षीस यालाच मिळालं असणार.

फ्रेमवाला मोरीकडे धावला आणि भडाभडा ओकला.

तोंड धुऊन वळला. टेबलाभोवती कोणीतरी उभं होतं. दिसत काही नव्हतं. पण उभं होतं... ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. वास इतका दाट, की जिभेवर चव यावी. कुजकी. गोडसर.

मग त्याच्या गुडघ्याजवळून एका पोराचा आवाज आला. हळू. ओठ न हलवता बोलल्यासारखा.

"काका... आता हललं तर चालेल?"

मामा थांबले.

"मग?" अंधारातून भाचीने विचारलं.

त्याला पळता आलं असतं, मामा म्हणाले. शटर जवळच होतं. पण त्या फोटोग्राफरची त्याला इतकी किळस आली होती, की भीतीला जागाच उरली नव्हती. टेबल घट्ट धरून तो म्हणाला, "हला रे बाळांनो. पळा. वर पळा सगळे."

क्षणभर काहीच नाही...

मग गार, बुळबुळीत काहीतरी त्याच्या अंगाला घासत गेलं. कोपर. खांदा. लांब केस. एकामागून एक. शटर खडखडत होतं. बराच वेळ. आणि मग... थांबलं.

सकाळी वाचनालयाच्या लोकांना चौथा फोटो तेवढा हवा होता. फ्रेमवाल्याने सुटा द्यायला साफ नकार दिला. चारही एकाच चौकटीत क्रमाने बसवले आणि स्वतः जाऊन भिंतीवर टांगले. लोक हसत आत यायचे आणि त्या भिंतीपासून गप्प होऊन निघायचे.

"दुकान पाहिलंय ना तुम्ही?" मामा म्हणाले. "बाजाराच्या चढावर. तिथवर पूर कधी आलेला नाही. पण त्या सकाळी चारही भिंतींवर, छातीच्या उंचीला, गाळाची सरळ रेघ उमटली होती. त्याने खरवडली. चुना मारला. रंग दिला. दर वेळी आतून फुटते. अजून आहे. भर उन्हाळ्यातही हात लावला तर ओली लागते."