पत्ता नसलेला पाहुणा

खाजणवाडीच्या गावपळणीची पत्रं गेली तीस वर्षं भाई लिहीत आले होते. नाव सत्यवान तळवडेकर. पण वाचनालयाच्या टेबलामागे आयुष्य काढलेल्या या माणसाला सगळा गाव भाईच म्हणे. पत्रांचं काम मिळालं ते अक्षर बरं म्हणून. अक्षराखेरीज आपल्याजवळ काही सांगण्यासारखं आहे, असं भाईंना कधी वाटलं नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की ते आधी वाक्य मनात जुळवत, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे.

मिठबावच्या अलीकडे, खाडीला लागून हा गाव. दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात तो रिकामा होतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अगदी पिंजऱ्यातला पोपटसुद्धा शिमेबाहेरच्या, म्हणजे गावाच्या हद्दीपलीकडच्या माळावर नेतात आणि तीन दिवस, तीन रात्री झावळांच्या खोपींत काढतात. मागे घरांना कुलपं, चुली विझलेल्या. त्या तीन दिवसांत गाव कोणाचा असतो, हे कोणी मोठ्याने विचारत नाही. भाईही विचारत नसत. वाचणारा माणूस, त्यांना वाटे, साथीच्या रोगांच्या काळातली ही शहाणी चाल असेल. जागा सोडावी, हवा पालटावी.

मुंबई-पुण्याला गेलेल्यांना तारखा कळवायच्या म्हणजे बेचाळीस पत्रं. आणि त्यांच्याही आधी एक पत्र शिमेवरच्या धोंड्याखाली ठेवायचं. तो राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा मान.

दोन हजार नऊच्या दिवाळीत पुण्याहून नात आली, रिया. तेरा वर्षांची. पोस्टकार्डांचा गठ्ठा बघून ती हसलीच.

"आजोबा, एका साइटवर कार्यक्रम टाकायचा. तीन तारखा द्यायच्या. ज्याला जी जमेल तिच्यावर तो खूण करतो. एका दिवसात काम संपतं."

तारीख शेवटी देवाच्या कौलानेच ठरायची, पण मानकरी आधी तीन तारखा काढत आणि कोणाची काय अडचण तेही विचारून घेत. तेव्हा हे जमण्यासारखं होतं. तिठ्यावर, शिमेच्या बाहेर, भाईंचा पुतण्या मंगेश याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथे रियाने स्वतःच्याच ईमेलवरून भाईंचं खातं उघडलं आणि भाई एका बोटाने रकाने भरू लागले. कार्यक्रम: गावपळण. आयोजक: सत्यवान तळवडेकर. ठिकाण: खाजणवाडी.

"आता पाहुणे. पहिलं नाव कोणाचं?" रियाने विचारलं.

भाई घुटमळले. मग हळूच म्हणाले, "राखणदार."

चाळिशीचा मंगेश तोंडाचा फटकळ. तो खुर्चीतून उठून हसला. "भाईकाका, तेचो इमेल काय घालतलास? धोंड्याचो पिनकोड?"

"मंगेशमामा, हसू नका. नवीन सोय आलीय," रिया म्हणाली. "पत्ता नसलेला पाहुणा. नुसतं नाव टाकायचं."

नाव टाकलं. निमंत्रणं गेली. त्या वर्षी धोंड्याखाली पत्र ठेवलं नाही. घरी येताना भाईंना नेहमीसारखं वाटत राहिलं की आपलं काहीतरी चुकलंय. पण तसं त्यांना रोजच वाटे.

पंधरा दिवसांनी ते उत्तरं बघायला गेले. बेचाळीस नावांपुढे खुणा होत्या. कोणाला पहिली तारीख जमत होती, कोणाला दुसरी. यादीत सगळ्यात वर राखणदाराचं नाव. त्याच्यापुढे एकच खूण होती, तिसऱ्या तारखेवर. अकरा ते तेरा डिसेंबर. आणि उत्तराची वेळ दिसत होती: निमंत्रण गेल्यानंतर चौथं मिनिट.

"मंगेश, ही चेष्टा बरी नव्हे," भाई म्हणाले.

"माका दुसरो धंदो नाय? आणि देवाच्या नावान चेष्टा करीन? पोरांबाळांवालो माणूस मी." मंगेश खरंच दुखावला होता. "तुमीच खंयतरी बोट लावलास आसतला."

तेही शक्य होतं. भाईंनी ते लगेच मान्य केलं.

पुढच्या सोमवारी देवळात कौल लावला. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, लोकांनी "होय म्हाराजा" म्हटलं. ओले तांदूळ पाषाणाला चिकटवले. पहिल्या तारखेला डावा दाणा पडला. दुसऱ्या तारखेला डावा. तिसऱ्या तारखेला उजवा, म्हणजे होकार. भाईंनी मनाशी हिशेब केला: तीनात एक. एवढा योगायोग कुठेही होतो.

चूक सापडली ती यशोदेला. ती शेजारीण, मासळी विकायची. सकाळी टोपली घेऊन निघताना तिने ओट्यासमोर थांबून हाक मारली.

"भाईनू, माजी मुंबयची सून इचारता, ह्यां पळाण हां की लगीन? थयसर लिवलां हा, सगळ्यांनी खाजणवाडीत जमाचां! अवो, गाव सोडूचो की गावात जमाचां?" आणि हसता हसता तिने टोपली सावरली. "लय पुस्तकां वाचलास, म्हणान असां होता!"

भाईंचे कान तापले. ठिकाणाच्या रकान्यात आयुष्यभर जे लिहायची सवय, तेच बोटाने लिहिलं होतं. ज्या दिवसांत गावात कोणीही असू नये, त्या दिवसांचं गावात निमंत्रण.

ते तसेच तिठ्यावर गेले आणि ठिकाण बदललं. *शिमेबाहेरचा माळ.* त्यावर साइटने कळवलं की आता एक सुधारणा झाली आहे: ठिकाण बदलायचं तर प्रत्येक पाहुण्याची संमती लागेल. दोन दिवसांत बेचाळीस संमती आल्या. राखणदारापुढे 'नाही' होतं.

तिसऱ्या दिवशी साइटवरच्या खात्यात इंग्रजी संदेश दिसला. भाईंनी तो मनातल्या मनात मराठीत करून वाचला. *आणखी एक नवीन सोय. जिथे एकमत होत नाही, तिथे कार्यक्रमाच्या दोन प्रती होतील. कोणालाही नाराज व्हावं लागणार नाही. आयोजक दोन्ही ठिकाणी हजर धरला जाईल.*

खाली दोन याद्या होत्या. माळावरच्या यादीत बेचाळीस पाहुणे आणि आयोजक. खाजणवाडीच्या यादीत दोनच नावं. राखणदार. सत्यवान तळवडेकर.

भाईंनी ती प्रत काढून टाकायचा प्रयत्न केला. पाहुण्याच्या संमतीशिवाय रद्द करता येत नव्हती. स्वतःचं नाव काढायला गेले, तेव्हा एक चौकोन उघडला. *आपण येणार नसल्यास बदली नाव द्या.* चौकोनात एक नाव आधीच भरलेलं होतं, खात्याशी जोडलेलं एकमेव नाव. रिया. खाली लिहिलं होतं: *बारा डिसेंबर, दुपारी बारा. तोपर्यंत उत्तर न आल्यास हेच नाव मान्य समजलं जाईल.*

त्यांनी नाव पुसलं. ते परत आलं. पुन्हा पुसलं.

"मंगेश," त्यांनी हाक मारली.

मंगेशने वाचलं, खांदे उडवले आणि सरळ भिंतीतला प्लग ओढला. "ह्या बघा. गेलो तुमचो राखणदार. घरात जावा, च्या घेवा."

भाई घरी गेले. चहा केला. तो निवत असताना मोबाइल वाजला. बदली नावाची आठवण करून देणारा संदेश होता. मोबाइलचा नंबर त्यांनी कुठेच दिला नव्हता. निदान दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

अकरा तारखेला गाव निघाला. माळावर दुपारपर्यंत जत्रेसारखी गजबज झाली. तीन दगडांच्या चुली पेटल्या, सुक्या बांगड्याचा वास सुटला, म्हातारे पत्ते घेऊन बसले. पुण्याहून नम्रता आली, भाईंची मुलगी, रियाला घेऊन. येऊ नका, असं भाईंनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. का, ते सांगता आलं नव्हतं.

"बाबा, सारखं फोनकडे काय बघताय?" नम्रताने विचारलं. "निवांत बसा ना जरा."

भाई वाक्य जुळवत होते. सुरुवात कुठून करावी? साइटपासून? धोंड्यापासून? कुठूनही केली तरी शेवटी मुलगी काळजीने कपाळाला हात लावून बघेल आणि पुण्याच्या डॉक्टरांचं नाव घेईल. रात्र त्यांनी रियाच्या खोपीच्या तोंडाशी बसून काढली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नम्रता विहिरीवर गेली, भाईंचा दोन मिनिटं डोळा लागला, आणि रिया खोपीत नव्हती.

ती धोंड्याजवळ सापडली. एक पाय शिमेपलीकडे होता. भाईंनी दंड धरून तिला मागे ओढलं.

"कुठे चाललीस?"

ती गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. मग गावाच्या वाटेकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"तुम्हीच तर बोलावलंत. तिथून, त्या काजूखालून." तिचा दंड विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. "आजोबा, तुम्ही इकडे कसे आलात?"

काजूखाली कोणी नव्हतं.

भाईंनी तिला नम्रताकडे नेलं. तिचा हात नम्रताच्या हातात दिला. "सोडू नको," एवढंच म्हणाले. मग खोपीमागे जाऊन त्यांनी मोबाइल काढला. संदेशाला उत्तर देता येत होतं. जन्मभर वाक्यं जुळवण्यात गेली. हे वाक्य जुळवावं लागलं नाही. *स्वतः येतो.*

बाराला वीस मिनिटं होती. कोणाला न सांगता ते शीम ओलांडून चालू लागले.

गाव जसा सोडला होता तसाच होता. वाळत टाकलेला काथ्या, बंद दारं, उलटी ठेवलेली घागर. फक्त आवाज नव्हता. कावळे कोणी नेलेले नव्हते, तरी कावळेही नव्हते. माडांची झावळं हलत होती, पण सळसळ ऐकू येत नव्हती. स्वतःच्या चपलांचा आवाजही घराजवळ येईपर्यंत थांबला.

भाई ओट्यावर बसले. बाराला संदेश आला. *सर्वजण हजर आहेत. दोनपैकी दोन.*

त्यांनी समोरच्या खळ्याकडे, अंगणाकडे बघितलं. ऊन होतं. तुळस होती. आणखी काही नव्हतं.

"मी आलोय," ते म्हणाले.

ओठ हलले. आवाज आला नाही.

दुपार गेली, संध्याकाळ गेली, रात्र गेली. कोणी आलं नाही. भाईंना भूक लागली नाही, झोप आली नाही. उजाडल्यावर त्यांना वाटलं, आपण शब्द पाळला, आता जायला हरकत नाही. ते निघाले. शीम दहा मिनिटांच्या वाटेवर. वीस मिनिटांनी ते आपल्याच परसात आले. खाडीच्या बाजूने गेले, परसात आले. चकवा लागतो तो परक्याला, काळोखात. ज्या वाटेने अडुसष्ट वर्षं चाललो तिथे, सकाळच्या उन्हात नाही. हे मनाशी घोकत ते चौथ्यांदा निघाले आणि या वेळी धोंडा समोर दिसला.

पाऊल धोंड्यापलीकडे टाकलं. ते अलीकडेच पडलं.

पुन्हा टाकलं.

समोर माळ होता. खोपी, धूर, गुरं. चाळीस पावलांवर, सगळं लख्ख. आणि तिथला आवाज मात्र इथे स्पष्ट ऐकू येत होता.

दहा-बारा माणसं घोळका करून बसली होती. मध्ये भाईंची बंडी घातलेला, भाईंचा चष्मा लावलेला एक म्हातारा हातवारे करत काहीतरी सांगत होता. मोठ्याने, न अडखळता. घोळका हसत होता.

यशोदेने पदराने डोळे पुसले. "अवो भाईनू, ह्यां सगळां आदी खंय लपवन ठेवललास?"

"मंगेशदादा, ऐकलंस का?" नम्रताचा आवाज आनंदाने चढला होता. "बाबा पुण्याला यायला तयार झाले! आजच निघू म्हणतायत. कसालहून दुपारची गाडी मिळेल ना?"

"गावतली. रिक्षा मी सांगतंय."

रिया त्या माणसाला टेकून बसली होती. ती भाईंजवळ कधी इतकी हसली नव्हती.

भाई ओरडले. सगळी ताकद लावून तिचं नाव घेतलं. धोंड्यावर बसलेली माशीसुद्धा उडाली नाही.

खिशात मोबाइल थरथरला. *नवीन सोय. कार्यक्रमाला आता समाप्तीची वेळ द्यावी लागत नाही.*

रिक्षा आली. पिशव्या चढल्या. आधी नम्रता बसली, मग रिया, मग तो. चढण्याआधी तो सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवून बोलला होता.

रिक्षा वळणावर हळू झाली. रियाने मान बाहेर काढून मागे बघितलं. थेट धोंड्याकडे. तिचं हसू थांबलं. भुवया जवळ आल्या, आणि तिचं तोंड हाक मारायला उघडलं.

शेजारून एक हात आला आणि त्याने हळूच, मायेने, तिचा चेहरा पुढे वळवला.