फणशाची न दिसणारी हद्द

पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला होता. गळ्यातल्या पट्ट्याची बॅटरी भरलेली होती. तार कुठेही तुटलेली नव्हती. तरीही शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फणशा हा दीड वर्षाचा कुत्रा खळ्यातून, म्हणजे घरासमोरच्या अंगणातून, निघाला आणि समोरच्या महामार्गावर जाऊन उभा राहिला.

मासळीची चालकविरहित गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. शालूने धावत जाऊन त्याला उचलून आणलं.

"उद्या सकाळी याला चिपळूणला मामाकडे सोडतो," बाबा म्हणाले. "तिथे पक्की भिंत आहे."

"बाबा, हद्दीची तार आहे ना आपली."

"आहे. आणि कुत्रा रस्त्यावर आहे."

बांधून ठेवलं की फणशा अन्नाला तोंड लावत नसे. गुहागरजवळच्या त्यांच्या घराला तीन बाजूंनी दगडी गडगा होता, पण तो गुडघाभर उंचीचा. म्हणून बाबांनी न दिसणारं कुंपण बसवलं होतं: जमिनीत पुरलेली तार आणि तिला वीज देणारी पेटी. हद्दीजवळ कुत्रा गेला की गळ्यातला पट्टा आधी शिटी वाजवतो, तरीही तो पुढे गेला तर थरथरतो. शिटी झाली की मागे फिरायचं, हे शालूने त्याला पंधरा दिवस शिकवलं होतं. तेव्हा शिटी ती स्वतः हातातल्या बटणाने वाजवत असे. कालपासून ते काम तारेवर सोपवलं होतं.

दुपारी माईआजी आली. ती बाबांची आत्या. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या वेधशाळेत तिने बत्तीस वर्षं काम केलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फणशाच्या गळ्यातला पट्टा काढून शालूच्या हातात दिला.

"हा घेऊन तारेच्या बाजूने चाल. कुठे वाजतो ते सांग."

शालू पूर्ण हद्द चालून आली. पट्टा एकदाच वाजला, पडवीतल्या पेटीपाशी.

"तिथे काय वेगळं आहे?"

शालूने वाकून पाहिलं. "पेटीतून दोन तारा निघतात. तिथे त्या लांब लांब आहेत. पुढे एकाच चरात जातात."

माईआजीने बाबांकडे पाहिलं. "दिगू, तार समोरून का नाही नेलीस?"

"समोर खळं आहे, आत्ये. गेल्याच आठवड्यात चोपलं, सारवलं. नवं खळं कोण खणतं? तीन बाजूंनी तार नेली आणि त्याच चरातून परत आणली. फेरा पूर्ण झाला, दिवाही लागला. समोरची बाजू उघडी राहिली, पण तिथे तो माणसांच्या नजरेसमोर असतो."

"नजर चहा प्यायला गेली की संपलं. आणि उरलेल्या तीन बाजू तरी कुठे वाजतात?"

बाबा वाकून चराकडे पाहू लागले.

माईआजी पायरीवर बसली. "शालू, तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा प्रभाव जाणवतो तो भाग) तयार होतं. पेटी तारेत प्रत्यावर्ती प्रवाह (पुन्हा पुन्हा दिशा बदलणारी वीज) सोडते, म्हणून हे क्षेत्रही सतत बदलतं. पट्ट्यात बारीक तारेचं वेटोळं आहे. बदलतं क्षेत्र त्याच्यापर्यंत पोचलं की त्यात किंचित वीज निर्माण होते आणि शिटी वाजते. आता सांग, एका चरात दोन तारा. एकीत वीज समुद्राकडे धावते, त्याच क्षणी दुसरीत?"

"डोंगराकडे. ती परत येतेय ना."

"मग त्यांची क्षेत्रं?"

शालू पडवीच्या दारापाशी गेली. "बाबा, तुम्ही पलीकडून ढकला." तिने अलीकडून जोर लावला. दार हललं नाही.

"दोघंही ढकलतायत," ती म्हणाली, "पण दाराला कळतच नाहीये."

"पट्ट्यालाही कळत नाही," माईआजी म्हणाली.

"म्हणजे खळं खणायचंच," बाबा उसासून म्हणाले.

"तार जमिनीतच हवी असं कुणी सांगितलं? क्षेत्र हवेतही तसंच पसरतं."

खळ्यावर पोफळीच्या खांबांचा मांडव होता. परतीची तार चरातून उपसून बाबांनी ती मांडवाच्या रस्त्याकडच्या आडव्या वाशावरून नेली. आता तारेचा फेरा घराला चारही बाजूंनी वेढत होता. तार उंचावर असल्याने माईआजीने पेटीवरचा पल्ला वाढवला. शालू पट्टा गुडघ्याच्या उंचीवर धरून पुन्हा चालली. तो सगळीकडे वाजला. मग फणशाला दोरी लावून तिने त्याला चारही बाजूंनी दोन-दोनदा हद्दीजवळ नेलं. प्रत्येक वेळी तो मागे फिरला.

साडेपाचला मासळीची गाडी आली. शालूने बाबांकडे पाहिलं. बाबा रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, मग म्हणाले, "सोड."

फणशा सुटला. मांडवाच्या कडेशी शिटी झाली. तो थबकला, एक कान वर केला, रस्त्याकडे पाहिलं आणि वळून शालूच्या पायाशी येऊन बसला.

बाबांनी मामाला फोन लावला. "कुत्रा येत नाही. नाही, मीही येत नाही. का म्हणजे? खळं वाचलंय, तेच बघत बसतो."

"माईआजी, महामार्गावर गुरं बसतात, त्यांना असं करता येईल?" शालूने विचारलं.

"डोंगरभर तार नाही नेता येत. तिथे उपग्रह पट्ट्याला जागा सांगतो. चाचण्या चालू आहेत. पण शिटीचा अर्थ गुरांना शिकवणारं कुणीतरी लागेल."

"मी पंधरा दिवसांत शिकवलं."

"कुत्र्याला. म्हैस जास्त दिवस घेईल."

रस्त्यावरून दुसरी गाडी वेगात गेली. फणशाचे कान ताठ झाले. शालू मात्र म्हशीला शिकवायचं कसं हे विचारत होती. तिने मान वळवून पाहिलंही नाही.